घर सोडताना डिपॉझिट अडकवणाऱ्या चुका

रत्नागिरी असो, चिपळूण असो की कुडाळ, ऑगस्ट-सप्टेंबरात एकच भांडण कानावर येतं. भाडेकरू घर सोडतो, मालक गणपतीला मुंबईहून येतो, भिंती बघतो आणि डिपॉझिट अडवून धरतो. दोघांपैकी कुणी लबाड असतोच असं नाही. पावसाने केलेलं नुकसान कुणाच्या नावावर मांडायचं, हे करार करताना कुणीच बोललेलं नसतं.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे फोटो मे महिन्यातले आणि ताबा परत श्रावणात. मेमध्ये रंग ताजा असतो, भिंत खडखडीत असते. मग मिरग लागतो. जांभा दगड सच्छिद्र, तो पाणी ओढून घेतो.

रत्नागिरीजवळच्या एका चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्याच्या, घरातलं प्रकरण माझ्यासमोर मिटवलं गेलं. मालक म्हणाले, "खिडक्या बंद ठेवून आत कपडे वाळत घातलेत, म्हणून भिंत काळी पडली." भाडेकरू मुलगी म्हणाली, "काका, जूनमध्येच फोन करून सांगितलं होतं मी तुम्हाला." मी कपाट सरकवायला लावलं. खोलीच्या त्या भिंतीवर डाग जमिनीपासून कमरेपर्यंत चढलेला, वर पांढरे क्षार फुललेले. ही जमिनीतली ओल, कपड्यांनी येत नाही. कपाटामागे मात्र काळे ठिपके होते, हवा कोंडल्यावर धरते ती बुरशी. एकाच भिंतीबद्दल दोघंही निम्मे खरे होते. पण मालकांकडे फक्त ताज्या रंगाचे फोटो आणि तिच्याकडे फक्त फोनवरचं बोलणं. शेवटी निम्मं डिपॉझिट कापलं गेलं आणि बोलचाल कायमची तुटली.

म्हणून मी प्रत्येकाला फोटो दोनदा काढायला लावतो: राहायला येताना आणि पहिला जोराचा पाऊस झाल्यावर. हॉलचे सुंदर फोटो नकोत. कपाटामागची भिंत, खिडकीखालचा भाग, छताचे कोपरे, मोरी. त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवायचे, खाली एक ओळ लिहायची, फोन नंतर करायचा. ओघळ वरून खाली आला असेल तर कौलं किंवा स्लॅब गळतोय, आणि ते काम मालकाचं.

करार कुणाचा तरी पुण्यातला मसुदा उचलून, नावं बदलून करतात. या घाईचा मला मनापासून राग येतो. त्यात ओल, वाळवी, गळती यांचा शब्दही नसतो. नोंदणीचा खर्च वाचवणारे मालक तर स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं.

खाऱ्या वाऱ्याने गंजलेल्या ग्रिलचे पैसे भाडेकरूकडून मागू नका. बोअरच्या पाण्याचे तांबूस डागही त्याच्या माथी मारू नका. भाडेकरूंनीही चिऱ्यात ड्रिल मारून टीव्ही लावण्याआधी विचारावं, आणि निघताना भोकं बुजवावीत.

"शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करा" हे परस्पर ठरवू नका. मग नुकसानीसाठी मालकाच्या हातात काहीच उरत नाही आणि तो प्रत्येक ओरखडा मोजायला लागतो.

आणि किल्ली शेजारच्या वहिनींकडे ठेवून निघू नका. टेम्पो खाली उभा आहे, पाऊस धरलाय, सगळं मान्य. तरी सामान निघाल्यावर रिकाम्या घरात मालक किंवा त्याचा माणूस समोर हवा. नळ सोडून बघा, पंखे लावून बघा, मीटरचं रीडिंग लिहा, त्याच कागदावर दोघांच्या सह्या घ्या. काही कापायचं असेल तर रक्कम आणि कारण तिथेच लिहून घ्या, मग किल्ली द्या.