फेच वापरताना या चुका टाळा: विनंती नेमकी कुठे अडली ते आधी पाहा

ब्राउझरमधील स्क्रिप्टने फेच या जावास्क्रिप्ट फंक्शनने सर्व्हरकडे पाठवलेली विनंती फसली की कोडमधील ओळी बदलून पाहण्याचा मोह होतो आणि बराचसा वेळ तिथेच जातो. वास्तविक चार शक्यता असतात: विनंती निघालीच नाही, निघाली पण तिचे उत्तर ब्राउझरने स्क्रिप्टच्या हाती दिले नाही, उत्तर मिळाले पण ते त्रुटीचे होते, किंवा उत्तर योग्य असूनही ते वाचताना चूक झाली. या प्रत्येकीची दुरुस्ती वेगळ्या जागी करावी लागते, म्हणून कोडला हात लावण्यापूर्वी डेव्हलपर टूल्समधील नेटवर्क टॅबमध्ये त्या विनंतीची नोंद पाहावी. फॉर्मच्या बटणावरून सुटलेली विनंती तिथे ‘कॅन्सल्ड’ दिसत असेल, तर सबमिटच्या वेळी प्रिव्हेंट-डिफॉल्ट (ब्राउझरची मूळ कृती थांबवणारी सूचना) लिहायचे राहून गेले आहे आणि फॉर्मने स्वतःच पान पुन्हा लोड केले आहे, असा संशय प्रथम घ्यावा.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे त्रुटी पकडणारे कॅच लिहिले की सगळ्या त्रुटी पकडल्या जातील, हा समज. फेचचे प्रॉमिस (पुढे मिळणाऱ्या उत्तराची हमी देणारा ऑब्जेक्ट) ४०४ (पान सापडले नाही) किंवा ५०० (सर्व्हरमधील बिघाड) असे स्टेटस, म्हणजे उत्तराचा क्रमांक, आल्यावर नाकारले जात नाही, म्हणजे कॅचकडे जात नाही. सर्व्हरने काहीतरी उत्तर दिले, एवढ्यावर ते समाधानी असते. जेक्वेरी किंवा अ‍ॅक्सिऑस या लायब्ररींची सवय असलेल्यांची इथे हमखास फसगत होते, कारण तिथे असे उत्तर त्रुटीच्या वाटेने येते. फेच वापरताना रिस्पॉन्सचा, म्हणजे आलेल्या उत्तराचा, ‘ओके’ हा गुणधर्म स्वतः तपासावा लागतो. स्टेटस २०० ते २९९ यांदरम्यान असेल तरच तो खरा असतो.

ही तपासणी वगळून थेट जेसन (माहिती मजकुराच्या रूपात मांडण्याची पद्धत) वाचायला गेल्यास पुढची तक्रार उभी राहते. पहिलेच अक्षर अनपेक्षित असल्याचा संदेश आला आणि ते अक्षर कोनाकार कंस असेल, तर जेसनऐवजी एचटीएमएलचे पान आले असावे, असे समजावे. बहुधा ते लॉगिनचे किंवा ‘पान सापडले नाही’ असे सांगणारे पान असते. २०४ या स्टेटससोबत मजकूर नसतोच, त्यामुळे तिथेही जेसन वाचणे फसते. शिवाय रिस्पॉन्सचा मजकूर एकदाच वाचता येतो, म्हणून तपासणीसाठी मध्येच तो टेक्स्ट म्हणून छापून पाहिला की खालची चालणारी ओळ मोडते. तसे करायचेच असेल तर आधी रिस्पॉन्सचा क्लोन, म्हणजे प्रत, घ्यावा.

आता कॉर्सबद्दल, म्हणजे एका ओरिजिनच्या (मूळ पत्त्याच्या) पानावरील स्क्रिप्टला दुसऱ्या ओरिजिनचे उत्तर त्या सर्व्हरच्या परवानगीशिवाय वाचू न देण्याच्या नियमाबद्दल. स्कीम (http किंवा https), होस्ट (सर्व्हरचे नाव) आणि पोर्ट (क्रमांक) या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच दोन पत्ते एकाच ओरिजिनचे ठरतात. त्यामुळे लोकलहोस्टवरील ३००० आणि ५००० हे पोर्टसुद्धा परस्परांना परके असतात. ‘पोस्टमनमध्ये (विनंत्या तपासण्याच्या वेगळ्या साधनात) चालते, ब्राउझरमध्ये चालत नाही’ या तक्रारीचे मूळ इथे आहे, कारण हा नियम ब्राउझर पाळतो, पोस्टमन पाळत नाही. अडवणूक झाली की स्क्रिप्टला केवळ ‘फेल्ड टू फेच’ अशा धर्तीची मोघम त्रुटी मिळते. हा मोघमपणा हेतुपुरस्सर आहे. खरे कारण कन्सोलमध्ये माणसाला दिसते, स्क्रिप्टला नाही.

यावर ‘नो-कॉर्स’ हा मोड सुचवणारे सल्ले सर्रास दिले जातात आणि ते जवळजवळ नेहमीच चुकीचे असतात. त्या मोडमध्ये त्रुटी दिसेनाशी होते खरी, पण हाती येणाऱ्या उत्तराचे स्टेटस शून्य असते आणि त्यातील मजकूर वाचता येत नाही. परवानगी सर्व्हरनेच हेडरमधून, म्हणजे उत्तरासोबतच्या माहितीतून, द्यावी लागते. तसेच कॉर्समुळे विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाही, असेही मानू नये: साधी पोस्ट विनंती (माहिती पाठवणारी विनंती) तिथे पोहोचून तिचे काम झालेले असू शकते, अडते ते फक्त उत्तराचे वाचन.

कन्सोलमध्ये कॉर्सचे नाव दिसले तरी दोष दुसरीकडेच असू शकतो. सर्व्हरचा कोड मध्येच कोसळला आणि ५०० चे उत्तर परवानगीच्या हेडरविना बाहेर पडले, तर ब्राउझर कॉर्सचीच तक्रार करतो. अशा वेळी सर्व्हरचा लॉग (नोंदवही) वाचावा. ऑथरायझेशन हेडर (ओळख पटवणारे टोकन नेणारा) किंवा जेसनचा कंटेंट-टाइप (मजकुराचा प्रकार सांगणारा हेडर) असलेल्या परक्या ओरिजिनकडील विनंतीपूर्वी ब्राउझर ऑप्शन्स पद्धतीची चौकशी पाठवतो. तिच्यासोबत टोकन नसते, म्हणून लॉगिन तपासणारा कोड तिला ४०१ (ओळख पटली नाही) देऊन परतवू शकतो आणि मग मूळ विनंती सुटतच नाही. परक्या ओरिजिनकडे कुकी पाठवायच्या असतील तर क्रेडेन्शियल्स हा पर्याय ‘इन्क्लूड’ ठेवावा लागतो, आणि मग सर्व्हरला तारांकन लिहून सर्वांना परवानगी देता येत नाही. ओरिजिनचे नेमके नाव लिहावे लागते.

पाठवण्याच्या बाजूच्या चुका सोप्या असतात. ऑब्जेक्ट स्ट्रिंगिफाय न करता, म्हणजे जेसन मजकुरात न बदलता, बॉडीत (विनंतीच्या मजकुरात) दिला, तर सर्व्हरला त्यातील माहिती मिळतच नाही. फॉर्म-डेटा पाठवताना मात्र कंटेंट-टाइप स्वतः लिहू नये, कारण त्यातील बाउंडरी (भागांमधील सीमाखूण) ब्राउझरच ठरवतो आणि ती नसेल तर सर्व्हरला भाग वेगळे करता येत नाहीत.

उत्तरे विनंत्यांच्याच क्रमाने येतील, ही अपेक्षाही चुकीची आहे. टाइप करता करता शोध घेणाऱ्या चौकटीत जुन्या अक्षरांचे उत्तर उशिरा येऊन नव्या उत्तरावर बसते. नवी विनंती पाठवताना आधीची अ‍ॅबॉर्ट-कंट्रोलर या विनंती थांबवणाऱ्या साधनाने रद्द करावी, आणि त्यातून येणारी अ‍ॅबॉर्ट-एरर वापरकर्त्याला अपयश म्हणून दाखवू नये. फेचला वेळमर्यादेचा स्वतःचा पर्याय नाही. ती अ‍ॅबॉर्ट-सिग्नलच्या टाइमआउटने घालावी. मात्र वेळ संपली याचा अर्थ सर्व्हरने काम केले नाही असा होत नाही. त्यामुळे गेट विनंती (फक्त माहिती मागणारी) निर्धास्त पुन्हा पाठवावी, पण नोंद तयार करणारी पोस्ट विनंती पुन्हा पाठवायची असेल तर प्रत्येक व्यवहाराला पहिल्याच वेळी वेगळा ओळखक्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आल्यास सर्व्हरने नवी नोंद करू नये, अशी व्यवस्था ठेवावी.