जुनी एमएम 540 बांधताना: आधी पाणी, मग वारा, रंग सगळ्यात शेवटी

माझा धंदा शेतीच्या पंपांचा. मलकापुरात, कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यालगत दुकान आहे. इंपेलर, ग्लँड, फूटव्हॉल्व्ह अशा पंपाच्या भागांतच दिवस जातो, त्यामुळे एमएम 540, म्हणजे महिंद्राची जुनी डिझेल जीप, बांधायला घेतली तेव्हा मी तिच्याकडे आधी पाणी फिरवणारं यंत्र म्हणूनच बघितलं. आमच्या इथून आंबा घाट उतरला की साखरपा. मे महिन्यात कोकणातून वर येताना वळणावर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या जुन्या जीपा दिसतात. मालकाला विचारलं तर तो सांगतो, इंजिन आत्ताच बांधलंय. पिस्टन, रिंगा, बेअरिंग नवं पडतं आणि पाण्याचा रस्ता तीस वर्षांपूर्वीचाच राहतो. म्हणून हे सगळं लिहितोय.

आधी इंजिन ओळखून घ्या. 540 मध्ये मूळचं एक्सडीपी 4.90, म्हणजे प्यूजोच्या परवान्यावर महिंद्राने इगतपुरीकडे बनवलेलं 2112 सीसीचं चार सिलिंडरचं डिझेल. यात डिझेल थेट पिस्टनवर फवारलं जात नाही. हेडमधल्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणातल्या, छोट्या कप्प्यात ते पेटतं आणि जळता वायू अरुंद तोंडातून खाली येतो. या प्रवासात त्याची बरीच उष्णता कप्प्याच्या भिंतींत आणि तिथून पाण्यात जाते. नंतरच्या डीआय, म्हणजे डिझेल थेट पिस्टनवर फवारणाऱ्या, इंजिनांपेक्षा याच्या रेडिएटरला काम जास्त पडतं ते यामुळे. शिवाय ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. पाणी संपून इंजिन एकदा कडक तापलं की हेड वाकतं, नाहीतर दोन व्हॉल्व्हच्या मधे चीर पडते.

घेताना

गाडी बघायला जाल तेव्हा मालकाला सांगून ठेवा, आम्ही येईपर्यंत चालू करू नका. इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडा आणि मग स्टार्टर मारा. पाण्यात सारखे बुडबुडे येत राहिले किंवा मिनिटभरात वरचा हौज पाईप हाताला कडक लागला, तर हेड पॅकिंग (हेड आणि ब्लॉकच्या मधलं) गेलंय किंवा हेडला चीर आहे. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली तरी तोच संशय धरा. पाणी गंजाच्या रंगाचं असेल तर घाबरू नका, पण ब्लॉक आतून साफ करावा लागणार हे भाव करतानाच धरून चला.

इंजिन नंबर आरसीशी ताडून बघा. बऱ्याच 540 मध्ये मधल्या काळात दुसरं इंजिन बसवलेलं असतं, आणि आरटीओत त्याची नोंद नसेल तर पुढे पासिंगला अडकाल. कागद नीट नसतील तर गाडी कितीही मनात भरली तरी सोडून द्या.

ब्लॉक

इंजिन उतरवलं, खोललं, हेड काढलं की सगळ्यांची नजर बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या भोकांवर, जाते. ती जाऊ द्या, पण त्याआधी ब्लॉकच्या बाजूला ठोकून बसवलेल्या पत्र्याच्या गोल वाट्या काढा. गॅरेजवाले त्यांना डमी म्हणतात. त्या काढल्या की पाण्याची पोकळी हाताशी येते. सगळ्यात मागच्या सिलिंडरजवळ तळाशी टॉर्च मारा. तिथे तपकिरी गाळ बसलेला असतो. स्क्रू ड्रायव्हर खुपसला की आधी मऊ लागतं, मग वाळूसारखं करकरतं, आणि त्याखाली गंजाचे पापुद्रे निघतात. पाणी काढायचा कॉक उघडूनही पाणी येत नव्हतं ते याच गाळाने. मागच्या सिलिंडरभोवती पाणी फिरतच नव्हतं, मग मीटरचा काटा काहीही दाखवो.

तार, पातळ सळई आणि दाबाच्या पाण्याने निघेल तेवढं काढा. उरतो तो क्षार, वर्षानुवर्षं बोअरवेलचं पाणी ओतल्यामुळे बंबाच्या तळाला बसतो तसा. त्यातून उष्णता सहज बाहेर येत नाही. यासाठी बाजारात किलोवर मिळणारं लिंबूसत्त्व पुरतं. लिटरभर गरम पाण्यात साधारण 50 ग्रॅम या हिशेबाने द्रावण करा, खालची भोकं बंद करून पोकळी भरा, काही तास ठेवा, ओता, पुन्हा भरा. द्रावण हिरवट-काळं होणं थांबलं की काम झालं. मग खायच्या सोड्याच्या पाण्याने आणि शेवटी साध्या पाण्याने भरपूर धुवा, हवेने लगेच कोरडं करा. हे सगळं फक्त सुट्या ब्लॉकवर करायचं. कॉस्टिक सोडा कुणी सुचवला तर ॲल्युमिनियमच्या हेडजवळ तो अजिबात आणू नका. ॲल्युमिनियम त्यात विरघळतं आणि पेट घेणारा वायू सुटतो.

डमी नव्याच बसवा. इंजिन गाडीत बसल्यावर मागची डमी गळायला लागली तर ती बदलायला अख्खं इंजिन पुन्हा उतरवावं लागतं.

हेड

सरळ पट्टी आणि फीलर गेज घेऊन हेड लांबीत आणि दोन्ही तिरप्या रेषांत मोजा. 0.1 मिलिमीटरची पाती कुठेही सहज शिरत असेल तर फेस मारून, म्हणजे हेडची खालची बाजू मशीनवर सपाट करून, घ्यायला हवा. पण आधी चीर तपासा. कोल्हापुरात उद्यमनगरला हेडच्या पाण्याच्या वाटा बंद करून, गरम पाण्यात बुडवून, हवेचा दाब देऊन तपासून मिळतं. बुडबुडे निघाले तर फेसचे पैसे वाचले. फेस मारताना कमीत कमी माल काढायला सांगा आणि नंतर व्हॉल्व्ह किती खोल बसलेत ते मोजा. डिझेलमध्ये पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यातलं अंतर मुळातच थोडं असतं. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते डायल गेजने बघून त्या जाडीचं पॅकिंग घ्या. बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच आवळायचे, आणि आकडा कंपनीच्या मॅन्युअलमधला.

पाण्याचा पंप

हा विषय माझा, म्हणून जरा थांबतो. गाडीची वॉटर बॉडी म्हणजे छोटा सेंट्रिफ्युगल पंपच. तो फिरतोय, गळत नाही, एवढ्यावरून तो चांगला ठरत नाही. इंपेलरची, म्हणजे आतल्या पाणी फेकणाऱ्या चाकाची, पाती गंजून कडेला झिजली आणि पाती व बॉडी यांच्यातली फट वाढली की पंप त्याच वेगात फिरतो पण पाणी जागच्या जागी घुसळतो. विहिरीवरच्या पंपातही हेच होतं, मोटर जोरात आणि पाणी बारीक. इंपेलर हाताने फिरवून फट बघा, पात्यांवर खड्डे दिसले तर नवीन घ्या. दुकानात दोन-तीन माल समोर ठेवून घ्या, काही स्वस्त बॉड्यांत पाती बुटकी असतात.

बॉडीखाली एक बारीक भोक असतं. तिथून थेंब आला की आतलं सील गेलं. ते भोक एम-सीलने बुजवू नका, पाणी मग बेअरिंगात जाईल.

रेडिएटरच्या तळापासून पंपाकडे येणारा खालचा हौज पाईप ही पंपाची सक्शन बाजू. पाईप मऊ पडला असेल तर इंजिन वेगात असताना आत ओढला जाऊन चपटा होतो आणि पाणी तुटतं. गाडी उभी केली की तो पुन्हा गोल, त्यामुळे दोष सापडत नाही. बॉनेट उघडून कुणाला तरी रेस द्यायला सांगा आणि खालच्या पाईपवर नजर ठेवा. नवीन पाईप जाड कापडी थराचा घ्या, आत स्प्रिंग असेल तर उत्तम.

थर्मोस्टॅट काढू नका

थर्मोस्टॅट म्हणजे पाणी पुरेसं तापल्यावरच रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप. आपल्याकडे गाडी तापली की मेकॅनिक पहिल्यांदा तो काढून फेकतो. याला माझा ठाम विरोध आहे. डिझेल थंड चाललं की नीट जळत नाही, धूर येतो, ऑइल घाण होतं, सिलिंडर झिजतात. ज्या थर्मोस्टॅटची खालची चकती बायपासची वाट बंद करते, तो काढला तर ती वाट कायम उघडी राहते आणि बरंच गरम पाणी रेडिएटर टाळून परत इंजिनात जातं.

तपासणी स्वयंपाकघरात होते. भांड्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने असा लटकवा की तळाला टेकणार नाही, शेजारी थर्मामीटर धरा. कडेवर 82 छापलेलं असेल तर त्या आसपास चकती हलायला हवी आणि पाणी उकळीला येईपर्यंत सताड उघडी व्हायला हवी. अर्धवट उघडून थांबला तर टाकून द्या. गाडीतल्या टेंपरेचर मीटरचा सेन्सर याच पाण्यात बुडवून, वायरी जोडून, काटा कुठे येतो तेही टिपून ठेवा. मी आकडे छापलेलं वेगळं मीटर बसवलं, कारण जुन्या मीटरच्या रंगीत पट्ट्यावरून 90 आणि 105 यांतला फरक कळत नाही. आणि एक ध्यानात ठेवा: पाणी गळून सेन्सर कोरडा पडला की काटा उलट खाली येतो. चढावर काटा अचानक उतरला तर हायसं वाटून घेऊ नका, गाडी थांबवा.

रेडिएटर आणि वारा

पितळी रेडिएटर असेल तर वरची टाकी सोडवून रॉडिंग करून घ्या, म्हणजे प्रत्येक नळीतून पट्टी फिरवून साफ. नळ्या साफ झाल्या तरी जाळी तपासा. बोटाने हलवल्यावर पत्रे नळीवर हलत असतील तर डाख सुटलाय, आणि मग उष्णता नळीतून पत्र्यात जाणारच नाही. असा कोअर कितीही धुवा, उपयोग नाही. नवीन कोअर भरून घ्या. झाकण मूळ दाबाचंच ठेवा. 7 पौंडाच्या झाकणाखाली साधं पाणीही 111 अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे झाकणाचं रबर गेलं की तेवढी सवलत गेली. जास्त दाबाचं झाकण घातलं तर जुने सांधे उलतात.

पंख्याभोवतीचं श्राउड, म्हणजे वारा जाळीतूनच ओढला जावा म्हणून लावलेलं कडं, कितीतरी गाड्यांत गायब असतं. ते नसेल तर पंखा जाळीतून वारा ओढण्याऐवजी बाजूचा गरम वारा फिरवत बसतो. पत्र्याचं करून घ्या, पात्यांची निम्मी रुंदी आत, निम्मी बाहेर. पंखा उलटा बसलाय का बघा. उलटा बसला तरी वारा त्याच दिशेला जातो, पण कमी, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. रेडिएटर आणि समोरच्या ग्रिलच्या मधल्या फटी फोमच्या पट्ट्यांनी बंद करा. ग्रिलपुढचे जास्तीचे दिवे, हॉर्न, मोठ्या पाट्या काढा.

डिझेल पंप आणि नोझल पंपवाल्याकडे तपासून घ्या. पिकअपसाठी डिझेल वाढवून ठेवलेलं असतं, चढावर काळा धूर निघतो आणि ती सगळी उष्णता शेवटी हेडवर येते. टायमिंग मागे पडलं असेल तरी इंजिन तापतं. मूळ टायर 6.00-16. त्यापेक्षा मोठे टायर घातले की गिअर जड होतात, इंजिन कमी फेऱ्यांवर जास्त ओझं ओढतं आणि पंखा-पंप हळू फिरतात. मी मूळ मापाचेच ठेवले.

भरणं आणि चाचणी

कूलंट कॉन्सन्ट्रेट असेल तर एक भाग त्याचा, दोन भाग डिस्टिल्ड वॉटर. आपल्याकडे पाणी गोठत नाही, पण गंज अडवायला कूलंट हवंच. गाडीचं तोंड चढाला करून हळूहळू भरा, झाकण उघडं ठेवून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवा, हवा निघाली की पातळी खाली जाते, पुन्हा भरा.

मग इन्फ्रारेड थर्मामीटरने रेडिएटर वरून खाली, डावीकडून उजवीकडे बघा. खाली जाताना तापमान सगळीकडे सारखं उतरत गेलं पाहिजे. मधेच एक थंड पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. रस्त्यावर लक्षणं अशी वाचा: हळू चढताना तापते आणि सपाटीला वेगात थंड होते, तर दोष वाऱ्यात, म्हणजे पंखा, श्राउड, बेल्ट. वेगात तापते, तर रेडिएटर किंवा पाण्याचा प्रवाह.

आंबा घाट चढताना मी तिसऱ्यात रडवत नाही, दुसऱ्यात घेऊन फेऱ्या राखतो. मातीच्या खड्या वाटेला तर लो रेशो, म्हणजे फोर-व्हीलचा हळू गिअर, आधीच टाका. इंजिन हलकं चालतं आणि पंखा जोरात फिरतो. डांबरावर मात्र फोर-व्हील नको. काटा 100 च्या पुढे गेला आणि पाणी शाबूत असेल तर बाजूला घेऊन, न्यूट्रलला, थोडी रेस ठेवून इंजिन चालू राहू द्या. पाणी फेकलं असेल किंवा बेल्ट तुटला असेल तर लगेच बंद करा. झाकण गरम असताना उघडायचं नाही आणि तापलेल्या हेडवर गार पाणी ओतायचं नाही.

काहीशे किलोमीटर झाले की इंजिन पूर्ण थंड असताना, पॅकिंगच्या जातीला मॅन्युअल सांगत असेल तर, हेडचे बोल्ट त्याच क्रमाने पुन्हा टॉर्क करा. सीटखाली एक फॅन बेल्ट, खालचा हौज पाईप, दोन क्लिपा, एक झाकण आणि पाच लिटर पाणी कायम असू द्या. पत्रा आणि रंगाचं काम मी गाडी मे महिन्यात घाट चढून आल्यावरच सुरू केलं.