टेक्सासमधील मोटारसायकल क्लबांच्या बातम्या कशा वाचाव्यात

बातमीसोबत छायाचित्र असल्यास प्रथम जाकिटाची पाठ पाहावी. वरच्या कमानदार पट्टीवर क्लबचे नाव, मध्ये चिन्ह आणि खालच्या पट्टीवर प्रदेशाचे नाव असे तीन सुटे तुकडे शिवलेले असतात. खालच्या पट्टीला ‘बॉटम रॉकर’ म्हणतात. ती पट्टी राहण्याचे ठिकाण सांगत नाही, तर त्या प्रदेशावरचा हक्क सांगते. १९६६ साली गॅल्व्हेस्टन उपसागराकाठच्या सॅन लिऑन येथे डोनाल्ड चेंबर्स याने स्थापन केलेला, लाल-सोनेरी रंगांचा बँडिडोज हा क्लब टेक्सासमध्ये सर्वांत प्रबळ आहे. आपल्या संमतीवाचून दुसऱ्या क्लबने ‘टेक्सास’ ही पट्टी लावणे तो अपमान समजतो. कोसॅक्स क्लबने ती लावली आणि वैर पेटले. हातभर कापडासाठी माणसे मरतात हे प्रथम वाचणाऱ्याला खरे वाटत नाही, पण पुढचे सारे त्यातूनच उलगडते.

छातीवर ‘१%’ लिहिलेला, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा बिल्ला असेल, तर तो क्लब स्वतःला उघडपणे कायद्याबाहेरचा म्हणवतो. कॅलिफोर्नियातील हॉलिस्टर गावी १९४७ साली मोटारसायकलस्वारांनी घातलेल्या गोंधळानंतर ९९ टक्के मोटारसायकलस्वार सज्जन असल्याचे अमेरिकन मोटारसायकल संघटनेने म्हटले आणि उरलेल्या एक टक्क्यावरून हा बिल्ला आला, अशी कथा सांगतात. त्या विधानाची नोंद आपल्याकडे नाही, असे ती संघटनाच सांगते. त्यामुळे ही कथा कथा म्हणूनच द्यावी. बिल्ला हा गुन्ह्याचा पुरावा नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

यानंतर अटकेचा आकडा आणि शिक्षेचा आकडा वेगवेगळे लिहून काढावेत. १७ मे २०१५ रोजी वेको शहरातील ट्विन पीक्स या उपाहारगृहाच्या आवारात बँडिडोज आणि कोसॅक्स यांच्यात गोळीबार होऊन ९ जण ठार झाले आणि पोलिसांनी १७७ जणांना अटक केली. प्रत्येकाला सरसकट १० लाख डॉलरचा जामीन ठरवला गेला, यावरूनच व्यक्तिगत पुराव्याची छाननी किती झाली असेल याचा अंदाज यावा. पुढे खटला चालला तो एकाच आरोपीवर. २०१७ साली ज्युरीचे एकमत न झाल्याने तोही निकालाविना संपला आणि एप्रिल २०१९ मध्ये उरलेले सर्व आरोप मागे घेण्यात आले. केवळ पहिल्या आठवड्याच्या बातम्या वाचणाऱ्याच्या मनात मात्र १७७ गुन्हेगार कायमचे राहून जातात.

खटला राज्याच्या न्यायालयात आहे की संघराज्याच्या, हेही तपासावे. संघटित गुन्हेगारीविरुद्धचा संघराज्याचा १९७० चा ‘रिको’ कायदा आपल्या वाचकाला ‘मकोका’च्या आधाराने समजावता येतो, कारण दोन्हींत १० वर्षांची मुदत आहे आणि दोन्हींचा रोख सुट्या गुन्ह्यापेक्षा त्यामागच्या संघटनेवर आहे. फरक असा की, मकोकासाठी त्या मुदतीत पूर्वीची एकाहून अधिक आरोपपत्रे दाखल असावी लागतात, तर रिकोमध्ये जुन्या कृत्यांबद्दल आधी आरोप ठेवलेला नसला तरी ती त्याच खटल्यात सिद्ध करता येतात. बँडिडोजचे माजी राष्ट्रीय अध्यक्ष जेफ्री पाइक आणि माजी उपाध्यक्ष जॉन पोर्टिलो यांना सॅन अँटोनियोच्या संघीय न्यायालयात २०१८ साली जन्मठेप झाली ती याच मार्गाने. ऑस्टिनमध्ये हेल्स एंजल्स या प्रतिस्पर्धी क्लबची शाखा काढू पाहणाऱ्या एका माणसाचा २००६ सालचा खून त्या खटल्यात होता. म्हणजे मूळ वाद पुन्हा प्रदेशाचाच.

शब्द निवडताना, न्यायालयाने दोषी ठरवलेल्या व्यक्तीस गुन्हेगार म्हणावे आणि संघटनेस क्लब. ‘टोळी’ हा शब्द पोलिसांचा किंवा फिर्यादी पक्षाचा असेल, तर तो त्यांच्याच तोंडी घालावा. ही काळजी का घ्यावी, ते एका जुन्या प्रकरणातून कळते. २९ मे १९७९ रोजी संघीय न्यायाधीश जॉन वुड यांची सॅन अँटोनियो येथे घराबाहेर हत्या झाली, तेव्हा तपासाचा पहिला संशय बँडिडोजवर गेला होता. खुनासाठी दोषी ठरला तो चार्ल्स हॅरेल्सन हा भाडोत्री मारेकरी.