सोसायटीच्या गच्चीवरचं सोलर शेजारपाजारी कसं पसरवायचं

एक सोसायटी सोलर लावते, बिल उतरतं आणि विषय तिथेच संपतो, असं बऱ्याच ठिकाणी बघितलंय आणि खरंच वाईट वाटतं. आमच्याकडे जे जमलं ते सांगते.

सुरुवात कॉमन मीटरपासून करा, म्हणजे लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे. सगळ्यांचेच पैसे वाचतात म्हणून सभेत ठराव पास करायला सोपं जातं. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये सबसिडी आहे. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची गच्ची लागते आणि दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात, पावसाळ्यात बरेच कमी. मागच्या १२ महिन्यांची बिलं काढा आणि तेवढंच बसवा, कारण जास्तीची वीज वीज कंपनीकडे जाते आणि वर्षाअखेरीला अशा उरलेल्या युनिटना भाव फार कमी मिळतो. वॉटरप्रूफिंग मात्र आधी, नाहीतर पुढे कुठेही गळलं की दोष सोलरवरच येतो.

आणि हे आधीच सांगून टाका, की लाइट गेली की ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला, जोडलेलं साधं सोलरपण बंद होतं, लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून. आम्ही सांगितलं नव्हतं, मग पहिल्याच पावसात लिफ्ट थांबली आणि लोक म्हणाले एवढे पैसे घालून उपयोग काय, ते समजावण्यात दोन मीटिंगा गेल्या.

आता पसरवायचं कसं? लिफ्टजवळच्या बोर्डवर दर महिन्याला दोन बिलं शेजारी शेजारी लावा, गेल्या वर्षीचं त्याच महिन्याचं आणि आताचं, युनिटभोवती लाल पेनाने गोल करून. पावसाळ्यात बिल वाढलं तर तेही लावा, विश्वास त्यानेच बसतो. मग शेजारच्या कमिटीला रविवारी सकाळी गच्चीवर चहाला बोलवा आणि सेक्रेटरीपेक्षा सुरुवातीला जे विरोधात होते त्यांना बोलू द्या. आमच्या अशाच एका काकांनी धुळीने आणि कबुतरांच्या घाणीने माखलेलं पॅनल ओल्या फडक्याने अर्धंच पुसून दाखवलं, तेव्हा समोरून लगेच प्रश्न आला, धुवायला कोण येतं, किती घेतो? हा प्रश्न आला की समजा माणूस मनातल्या मनात स्वतःच्या गच्चीवर पोचलाय.

मग त्यांना तुमची फाइल द्या, ठरावाचा मजकूर, अर्जाची कागदपत्रं, व्हेंडरला विचारायचे प्रश्न सगळं. तीन-चार सोसायट्या मिळून कोटेशन मागवलं तर घासाघीस करायला बळ येतं आणि धुणारा माणूसही सगळ्यांत मिळून ठेवता येतो.

गावात असाल तर पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी जाऊन बघा, साधारण १०० घरांचं गाव, २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम, म्हणजे पूर्ण सोलरवर चालणारं गाव झालं. अख्ख्या गावाने मिळून मनावर घेतलं की काय होतं ते तिथे दिसतं.

शेवटचं, सोलर किती वीज बनवतंय ते दाखवणाऱ्या ॲपचा पासवर्ड कायम दोघांकडे ठेवा. कमिटी बदलते, पासवर्ड जुन्या सेक्रेटरीच्या मोबाइलमध्ये राहतो आणि इन्व्हर्टर (पॅनलची वीज वापरण्याजोगी करणारा डबा) महिनाभर बंद पडलाय हे थेट बिल आल्यावर कळतं.