धर्मादाय दौडीत पहिल्यांदा धावताना

पहिल्या धर्मादाय दौडीसाठी ५ किलोमीटरचेच अंतर निवडावे आणि तयारीला आठ आठवडे द्यावेत. ठाण्यात उपवन तलावाच्या काठी आठवड्यातून तीन दिवस, एक मिनिट धावणे व दोन मिनिटे चालणे अशा क्रमाने सुरुवात करून धावण्याचा वेळ हळूहळू वाढवत नेल्यास फारशी दमछाक होत नाही. शुल्कातील किती रक्कम संस्थेला जाते, हे नाव नोंदवतानाच आयोजकांना विचारावे. त्यात संकोच कसला?

छातीवरचा क्रमांक आदल्या रात्रीच टी-शर्टला चारही कोपऱ्यांत पिना लावून बसवावा आणि त्याच्या मागे वेळ मोजणारी चिप असल्यास तो दुमडू नये. मी तो पहाटे रिक्षात बसून लावला आणि आतले बनियनही त्यातच टाचून घेतले.

आरंभरेषेवर मागे उभे राहावे. ढोल-ताशांच्या गजरात पाय आपोआप वेग घेतात. त्या भरात मी पहिला किलोमीटर सुसाट धावलो आणि दुसऱ्यात पोटात कळ येऊन कडेला थांबलो, तेव्हा नऊवारीतल्या एक आजी संथपणे पुढे निघून गेल्या. पाणी घोटाघोटाने प्यावे, मात्र पेला डब्यातच टाकावा, कारण मागून येणाऱ्याचा पाय त्यावरूनच घसरतो.