फॅन्सी गोल्डफिशसाठी टँक किती मोठा घ्यावा

दुकानात मिळणारा ओरांडा किंवा रियुकिन (या फॅन्सी गोल्डफिशच्याच जाती) जेमतेम दोन-अडीच इंचांचा असतो. नीट खाऊपिऊ घातलं तर दोन-तीन वर्षांत तो ६ ते ८ इंचांचा होतो आणि दहा-पंधरा वर्षं जगू शकतो. टँकचं माप या पूर्ण वाढलेल्या माशावरून ठरवायचं. ‘टँक लहान घेतला की मासाही लहानच राहतो’ असं दुकानदार सर्रास सांगतात. त्यावर अजिबात जाऊ नका. लहान टँकमध्ये वाढ खुंटते ती पाणी सतत खराब राहिल्यामुळे, आणि असा मासा लहान नसतो, आजारी असतो.

हिशेब सोपा आहे: पहिल्या माशाला ७५ लिटर आणि पुढच्या प्रत्येक माशाला ४० लिटर. म्हणजे दोघांना ११५, तिघांना १५५, चौघांना १९५. हा हिशेब फक्त दुहेरी शेपटीच्या, गोलमटोल जातींचा आहे. कॉमेट आणि शुबंकिन या एकेरी शेपटीच्या, सडपातळ जाती फूटभर वाढतात आणि सुसाट पोहतात. त्यांना हौद किंवा बागेतलं तळंच हवं.

हे लिटर प्रत्यक्ष पाण्याचे आहेत, टँकवर लिहिलेले नव्हेत. आतली लांबी, आतली रुंदी आणि पाण्याची उंची इंचांत मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि ६१ने भागा. वरचे दोन इंच रिकामे सोडावेच लागतात, काचेची जाडी जाते, तळाची वाळूही थोडी जागा खाते. त्यामुळे ३ × १.५ × १.५ फुटांचा टँक कागदावर १९१ लिटरचा असला तरी त्यात पाणी मावतं १५५ ते १६० लिटर. तीन माशांसाठी हे माप चपखल आहे आणि पहिल्यांदा गोल्डफिश पाळणाऱ्याने हेच घ्यावं. ३ × १.२५ × १.२५मध्ये दोन मासे कसेबसे बसतात. चार हवे असतील तर ४ × १.५ × १.५.

सगळ्यात जास्त खपतो तो २ × १ × १चा टँक. त्यात पाणी जेमतेम ४५ लिटर मावतं, म्हणजे एका वाढलेल्या माशालाही ते पुरत नाही. कारण आकड्यांत पाहा. ४० टक्के प्रथिनं असलेल्या १ ग्रॅम खाद्यातून साधारण ३५ ते ४० मिलिग्रॅम अमोनिया तयार होतो, आणि तो माशांना विषारी असतो. ४५ लिटरमध्ये त्याचं प्रमाण लिटरला ०.८ मिलिग्रॅमच्या आसपास जातं, १६० लिटरमध्ये तेच पाव मिलिग्रॅमच्याही आत राहतं. फिल्टरमधले जिवाणू हा अमोनिया संपवत असतात, पण वीज चार-पाच तास गेली किंवा खाद्य जरा जास्त पडलं की लहान टँकमध्ये सावरायला वेळच मिळत नाही. पाणी गरम असेल आणि पीएच वाढलेला असेल तर तेवढाच अमोनिया आणखी विषारी ठरतो.

लिटर जुळले तरी आकार चुकू शकतो. २४ × १८ × २७ इंचांचा उभा टँक आणि ३६ × १८ × १८चा आडवा टँक, दोन्हींचं घनफळ सारखंच. पण उभ्याचा पृष्ठभाग ४३२ चौरस इंच, आडव्याचा ६४८. प्राणवायू पाण्यात शिरतो तो याच पृष्ठभागातून, आणि गोल्डफिशना तो भरपूर लागतो. शिवाय हे जड अंगाचे मासे आडवे पोहतात, खोल पाण्यात वर-खाली करताना दमतात. पाण्याची उंची १६ इंचांपर्यंतच ठेवा. रांचू ही गोल्डफिशची जात तर जपानमध्ये पूर्वापार रुंद, उथळ हौदांत वाढवतात. त्याला १२ इंच पाणीही पुरे. पुढून मागची रुंदी मात्र शक्यतो दीड फूट हवी. फूटभर रुंदीत आठ इंचांचा मासा वळताना दरवेळी काचेला घासतो आणि शेपटी फाटते.

फिल्टर ताशी टँकच्या सहा ते दहापट पाणी फिरवणारा घ्या. १६० लिटरला १००० ते १५०० लिटरचा. धार थेट अंगावर येत असेल तर मासा कोपऱ्यात दबून बसतो, म्हणून ती मागच्या काचेवर वळवा. आठवड्याला ४० टक्के पाणी बदलायचं, म्हणजे १५ लिटरच्या चार-साडेचार बादल्या. तेवढं पाणी आणि क्लोरीन घालवायची सोय घरात आहे का, हे टँक घेण्याआधीच पाहा. नसेल तर टँक लहान करू नका, मासे कमी ठेवा.

विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळा धरून एक मासा कमीच ठेवलेला बरा. २० अंशांना पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसातच. बॅटरीवर चालणारा एअर पंप आणि स्पंज फिल्टर हाताशी असू द्या.

टँक बनवून घेताना तीन फुटांना ८ मिमी आणि चार फुटांना १० मिमी काच सांगा. तीन फुटांचा भरलेला टँक स्टँड सोडून २०० किलोच्या आसपास जातो. तो भिंतीलगतच ठेवा, खाली सपाट प्लाय आणि त्यावर थर्माकोल घाला. सिलिकॉनला पूर्ण वाळायला किमान तीन दिवस द्या. मग माशांशिवाय टँक काठोकाठ भरून दोन दिवस ठेवा आणि तळाच्या कडेने वर्तमानपत्राच्या पट्ट्या सरकवा. एकाही पट्टीवर ओला डाग दिसला तर टँक रिकामा करून परत पाठवा. बाहेरून सिलिकॉन फासून गळती थांबत नाही. पट्ट्या कोरड्या निघाल्या की फिल्टर सुरू करा आणि मासे सोडण्याआधी चार ते सहा आठवडे टँक सायकल होऊ द्या, म्हणजे अमोनिया आणि त्यापासून बनणारं विषारी नायट्राइट संपवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढू द्या. चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की आधी एकच मासा सोडा.