चाररेघी वहीतला राजा: शार्लमेनच्या काळातलं अक्षर बोरूने असं गिरवा

आधी घरातल्या मुलाची इंग्रजीची चाररेघी वही काढा. मधल्या दोन रेघांत अक्षराचं पोट, वरच्या रेघेपर्यंत 'बी', 'डी', 'एल'च्या काठ्या, खालच्या रेघेपर्यंत 'पी', 'क्यू'च्या शेपट्या. ही मांडणी आपण सगळ्यांनीच लहानपणी गिरवली आहे. ती ज्या वळणातून आली, ते वळण साडेबाराशे वर्षांपूर्वी फ्रँक लोकांच्या राज्यातल्या (आजचा फ्रान्स आणि आसपासचा मुलूख) मठांमध्ये घडलं आणि शार्लमेन राजाच्या पाठबळाने युरोपभर गेलं.

मी परळच्या एका शाळेत पंचवीस वर्षं चित्रकला शिकवली. आता शनिवारी दुपारी गिरगावात, चाळीतल्या आमच्या घरी सुलेखनाचा वर्ग घेते. सनावळ्या सांगून हा राजा माझ्या विद्यार्थ्यांच्या कधी लक्षात राहिला नाही. एक ओळ लिहून घेतली तेव्हा राहिला.

बोरू नवीन छाटा. देवनागरीसाठी आपण टोक तिरकं कापतो, कारण आपल्या अक्षरात जाड-बारीक ज्या दिशेने पडतं त्याच्या उलट ते रोमन अक्षरात पडतं. इथे टोक सरळ आडवं छाटायचं, साधारण २ मिलिमीटर रुंद. आता धरण्याचा कोन. घड्याळात दोन वाजले की तासकाटा जसा दिसतो, तशी बोरूची धार कागदावर टेकली पाहिजे, म्हणजे सुमारे ३० अंश. शेवटच्या अक्षरापर्यंत हा कोन हलू द्यायचा नाही. देवनागरीचा सराव असलेल्या हाताला हे पहिले दोन-तीन दिवस फार जड जातं, माझ्याही गेलं होतं.

विकतच्या वहीतल्या रेघा या बोरूसाठी अरुंद पडतात, म्हणून कोऱ्या कागदावर स्वतः चार रेघा मारा. मधली पट्टी बोरूच्या तीन रुंदींएवढी, म्हणजे ६ मिलिमीटर. वरची ८, खालची ७. कागद, शाई, बोरू हे सगळं अब्दुल रहमान स्ट्रीटवर एका फेरीत मिळतं. पावसाळ्यात मात्र कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा. एका जुलैत मी हातकागदाचा गठ्ठा गॅलरीच्या दाराशी ठेवला आणि आठवड्यात तो पापडासारखा सादळला. बोरू टेकवला की शाई चहूकडे पसरायची. सगळा गठ्ठा वाया गेला.

लिहायला बसण्याआधी एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर हात नुसती नक्कल करत राहील. आमच्या आजोबांच्या जमिनीचे कागद मोडीत होते. मोडी भरभर लिहिण्यासाठी आहे, हात न उचलता. सवयीच्या माणसाला ती सोपी, पण आम्हाला ते कागद वाचून घ्यायला जाणकार शोधावा लागला. शार्लमेनच्या आधीच्या फ्रँक राजांच्या दफ्तरातलं अक्षर असंच होतं, एकात एक गुंतलेलं, आणि ठिकठिकाणच्या मठांची वळणं वेगळी. शार्लमेन ७६८ मध्ये भावाबरोबर गादीवर आला, भाऊ ७७१ मध्ये वारल्यावर एकटा राजा झाला, पुढे इटलीतलं लाँबर्डांचं राज्यही त्याने जिंकून घेतलं. एवढ्या मुलखात एका ठिकाणचं पुस्तक दुसऱ्या ठिकाणी वाचता यायला हवं होतं. ७८९ च्या आज्ञापत्रात तो बजावतो की मुलांसाठी शाळा काढा, पुस्तकं नीट तपासून दुरुस्त करा, कारण लोकांना देवाची प्रार्थना करायची असते आणि अशुद्ध पुस्तकांमुळे ती चुकीची होते. शुभवर्तमानासारखे (बायबलमधल्या येशूच्या चरित्राचे) ग्रंथ पोरांकडून नव्हे, जाणत्या माणसांकडून काळजीपूर्वक लिहून घ्या, असंही त्यात आहे. हे कलम मी वर्गात दरवेळी वाचून दाखवते.

हे अक्षर शार्लमेनच्या दरबारातल्या विद्वानाने, यॉर्कच्या अल्क्विनने शोधलं असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं. ते बरोबर नाही. अल्क्विन तूरच्या मठाचा प्रमुख झाला ७९६ मध्ये. उत्तर फ्रान्समधल्या कोर्बीच्या मठात हे वळण त्याच्या कितीतरी आधी बायबलच्या प्रतींत दिसतं. ७८१ ते ७८३ च्या दरम्यान गोडेस्काल्क नावाच्या लेखनिकाने राजा-राणीसाठी जांभळ्या चर्मपत्रावर सोन्या-चांदीने ग्रंथ लिहिला, त्याच्या शेवटच्या कवितेतही हे अक्षर आहे. तो ग्रंथ पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात असून त्याची पानं इंटरनेटवर बघता येतात. मोबाइलवर नको, मोठ्या पडद्यावर बघा.

आता ओळ. योहानच्या शुभवर्तमानाची लॅटिन सुरुवात घ्या: 'इन प्रिन्सिपिओ एरात वेर्बुम' (In principio erat verbum), म्हणजे 'प्रारंभी शब्द होता'. पहिला आठवडा फक्त 'एन'. देवनागरी अक्षर शिरोरेघेला टांगलेलं असतं, हे अक्षर खालच्या रेघेवर बसतं. त्यामुळे नजर खाली ठेवा. उभी रेघ खाली आणा, मग तिच्या अंगातूनच कमान वर काढा, वेगळी चिकटवू नका. 'एन' जमला की 'एम', 'यू', 'आय' आपोआप येतात. 'आय'वर टिंब द्यायचं नाही, तेव्हा नव्हतं. 'व्ही'च्या जागी 'यू'च लिहा. 'जे' आणि 'डब्ल्यू' शोधू नका. 'एस' उंच, आडवी रेघ नसलेल्या 'एफ'सारखा. 'बी'ची काठी वरून थेट सुरू केली तर लुळी दिसते. थोडं खालून वर जा आणि त्याच वाटेने परत खाली या, म्हणजे डोक्याशी ती गदेसारखी भरते. दोन शब्दांत जागा मोकळी सोडा. ही मोकळी जागा याच काळात नियमित होत गेली, आणि प्रश्नचिन्हाचं मूळ रूपही याच हस्तलिखितांत दिसू लागतं.

पंधराव्या शतकात इटलीतल्या विद्वानांना जुन्या रोमन लेखकांची पुस्तकं सापडली ती बहुतेक या अक्षरातल्या प्रतींत. त्यांना वाटलं हे प्राचीन रोमचंच वळण, म्हणून त्यांनी ते उचललं. १४७० मध्ये व्हेनिसला निकोलस जेन्सनने त्याच धर्तीचे छपाईचे सुंदर खिळे पाडले. तुमच्या मोबाइलमधली इंग्रजी छोटी अक्षरं त्याच घराण्यातली आहेत.

मी वर्गात शार्लमेनची दुसरी बाजूही सांगते. ७८२ मध्ये वेर्डन इथे या राजाने एका दिवसात ४५०० सॅक्सन (उत्तर जर्मनीतल्या एका जमातीच्या) कैद्यांची डोकी उडवली, असं त्याच्या दरबारच्याच बखरीत नोंदलेलं आहे. बाप्तिस्मा नाकारणाऱ्या सॅक्सनाला मृत्युदंड, हाही त्याचाच कायदा. शुद्ध पुस्तकांसाठी तळमळणारा माणूस हाच. शिकवताना मला दोन्ही गोष्टी एका तासात बोलाव्या लागतात आणि त्या मला सोप्या जात नाहीत.

ओळ पुरी झाली की खाली त्याची सही काढा. एक क्रूस: डाव्या टोकाला 'के', वर 'आर', खाली 'एल', उजवीकडे 'एस', आणि मध्ये शंकरपाळ्याच्या आकारात उरलेले तीन स्वर, 'ए', 'ओ' आणि 'यू'. 'कारोलुस', म्हणजे त्याचं लॅटिन नाव. कागदपत्रावर हे सगळं लेखनिक काढायचा, राजा फक्त आतली एक छोटीशी खूण स्वतःच्या हाताने पुरी करायचा. त्याचा चरित्रकार आइनहार्ड लिहितो की राजा उशीखाली पाट्या आणि वह्या ठेवायचा, सवड मिळाली की अक्षरं गिरवायचा, पण फार उशिरा सुरुवात केल्यामुळे त्याला ते साधलं नाही.

माझ्या वर्गात सत्तरीच्या एक आजी येतात. भाजी विकून त्यांनी मुलं मोठी केली आणि साठीनंतर प्रौढ वर्गात लिहायला शिकल्या. आइनहार्डची ही गोष्ट ऐकून त्यांनी विचारलं, "त्याला शिकवायला कुणी बसलं नाही का हो?" त्या दिवशी सगळ्यांनी सही काढली आणि शंकरपाळ्यातली शेवटची रेघ मोकळी ठेवली. पंखा बंद केला. आजी एकेकाच्या कागदाशी गेल्या, पदराला बोटं पुसली, बोरू दोन वाजल्यासारखा धरला आणि अकराही कागदांवर ती रेघ त्यांनीच ओढली.